रूट ६६ : एकच टप्पा, पण थांबत थांबत

रूट ६६ म्हणजे अमेरिकेतला शिकागो ते सांता मोनिका हा जुना महामार्ग. हा सगळा रस्ता एका सुट्टीत उरकायला जाऊ नका. सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर आणि वाटेत आठ राज्यं. पहिल्या खेपेला आम्ही तो बारा दिवसांत संपवला, आणि आठवणीत उरलं ते फक्त गाडी चालवणं. दुसऱ्या खेपेला बाबांना घेऊन टुकमकारी ते ओटमन एवढंच केलं, तेही आठवडाभर. माझं ऐकाल तर न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातला हाच टप्पा धरा.

सगळ्यात आधी फोनच्या नकाशाचं बघा. नुसतं मुक्कामाचं गाव टाकलंत, तर तो तुम्हाला आय-४० या नव्या द्रुतगती महामार्गावर नेऊन सोडतो. १९२६ साली सुरू झालेला रूट ६६ मात्र १९८५ मध्ये सरकारी यादीतून वगळला गेला. आज तो तुकड्यातुकड्यांत उरलाय. म्हणून मधली छोटी गावं एकेक करून टाकायची : सेलिगमन, पीच स्प्रिंग्ज, हॅकबेरी, मग किंगमन. रस्त्याकडेच्या तपकिरी पाट्यांवर नजर ठेवायची. शिवाय वाट काळानुसार बदललेली आहे. १९३७ पर्यंत ती सांता फे शहरातून जायची, नंतर ते वळण टाळून थेट अल्बुकर्कीला. कुठली वाट धरायची ते घरीच ठरवा.

टुकमकारीत ब्लू स्वॅलो मोटेलची खोली आधीच राखून ठेवा, आणि सूर्य मावळायच्या आत पोचा. १९३९ पासूनचं हे मोटेल. खोलीला लागूनच गाडीसाठी छोटं गॅरेज. बाबा खोलीत न शिरता आधी गॅरेजमध्ये गेले. ‘पाहुण्याइतकीच गाडीचीही सोय केलीय बघ,’ म्हणाले. अंधार पडताना निऑनचा निळा पक्षी पेटतो, तेव्हा बाहेर खुर्चीत बसलेलं असावं.

पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात जुन्या वाटेची खूण म्हणून १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर मोटार उभी आहे. मागे टेलिफोनचे जुने खांब रांगेने गेलेत. रस्ता नाहीसा झाला, तरी तो कुठून जायचा ते खांबांवरून कळतं. इथे अर्धा तास तरी द्या. पुढे हॉलब्रुकला सिमेंटच्या शंकूच्या आकाराच्या खोल्यांचं विगवॅम मोटेल आहे, १९५० चं. मुलं बरोबर असतील तर मुक्काम तिथेच.

सेलिगमनला मात्र घाई नकोच. १९७८ मध्ये आय-४० बाजूने गेला आणि गावातली वर्दळ एकदम थांबली. एंजेल डेलगाडिलो या तिथल्या न्हाव्याने लोकांना गोळा करून १९८७ मध्ये संघटना उभी केली आणि या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवून दिला. त्यांचं केशकर्तनालय आणि खुर्ची आवर्जून पाहा. निघताना तिथून काहीतरी विकत घ्या, जेवण गावातच करा. असे थांबे टिकतात ते गिऱ्हाइकांवर. नुसते फोटो काढून निघून गेलेलं मला पटत नाही.

किंगमनला टाकी भरून घ्या. पुढे कूल स्प्रिंग्जला दगडी पेट्रोल पंप दिसेल, पण आता ते आठवणवस्तूंचं दुकान आहे. तिथून सिटग्रीव्ह्ज खिंडीचा घाट लागतो. वळणं इतकी आवळ की ४० फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने दरीकडे बघायचं असेल तर थांबूनच बघावं.

घाट उतरलात की ओटमन. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज भर रस्त्यात उभे असतात. हॉर्न वाजवू नका. शिंगरांना खायला घालू नका, त्यांच्या घशात अडकतं. आणि दुपार कलायच्या आत पोचा, कारण नंतर ती आपसूक डोंगराकडे परततात.