स्कूबा डायव्हिंग करताना केस, त्वचा आणि नखं कशी जपावीत

‘डाइव्हनंतर केसांना काय लावू?’ हा प्रश्न बायका सगळ्यात जास्त विचारतात. त्याचं उत्तर खाली आहेच, पण नंतर लावलेल्या कशानेही पाण्याखाली झालेला गुंता सहजासहजी सुटत नाही. केस, त्वचा आणि नखं यांची निम्म्याहून जास्त काळजी पाण्यात उतरण्याआधीच घेऊन संपवायची असते.

आदल्या दिवशी

वॅक्सिंग किंवा रेझर डाइव्हच्या निदान 24 तास आधी उरका, 48 तास मिळाले तर उत्तम. ताज्या केस काढलेल्या त्वचेला खारं पाणी झोंबतं, वर घट्ट वेटसूट (पाण्यात ऊब देणारा निओप्रीन रबराचा पोशाख) घासतो आणि केसांच्या मुळाशी लाल पुळ्या येतात.

नखं कापा. तळहात स्वतःकडे धरल्यावर बोटाच्या टोकापलीकडे नख दिसलं, तर ते लांब आहे. वेटसूट चढवताना आपण निओप्रीन चिमटीत धरून वर ओढतो आणि लांब नख त्यात अर्धचंद्रासारखी चीर पाडतं. सूट नेहमी बोटांच्या पोटांनी धरून ओढायचा, नखांनी नाही. पायाची नखं सरळ आडवी कापा. कोपरे गोल करत आत खोल कापू नका. फिनमध्ये (पोहताना पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पात्यात) अंगठ्यावर सतत दाब येतो, त्यामुळे लांब नखाखाली रक्त साकळून ते काळं पडतं आणि खोल कापलेला कोपरा मांसात रुततो.

चिकटवलेली कृत्रिम नखं डायव्हिंगच्या दिवसांत नकोच, हे माझं ठाम मत. त्यांची कड जराशी सुटली तरी खाली पाणी साचून राहतं, तिथे जिवाणू वाढतात आणि खालचं खरं नख हिरवट होतं. गडद नेलपॉलिशही काढून टाका. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की नखं निळसर होतात. आणीबाणीत मदत करणारा माणूस ते बघतो आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतो. गडद रंगामुळे निळसरपणा झाकला जातो, शिवाय ऑक्सिमीटरचा आकडाही चुकू शकतो. रंग लावायचाच असेल तर फिका लावा.

केसांना तेल लावायचं तर ते आदल्या रात्रीच. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे केस पाण्याने कमी फुगतो. पण त्याला आत मुरायला वेळ लागतो. बोटीवर लावलेलं तेल केसांत मुरत नाही, हातांवरून डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कवर जातं. काच धुरकट होते आणि सिलिकॉनची कड कपाळावरून घसरते. कमरेपर्यंतच्या केसांना दोन छोटे चमचे तेल पुरतं. ते मधल्या भागापासून टोकांपर्यंतच लावा, कपाळाच्या कडेला नाही.

केस बांधणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी केस गोड्या पाण्याने पूर्ण भिजवा. केसात पाणी मावायला मर्यादा असते. तो गोड्या पाण्याने भरला की खारं पाणी कमी घेतो. एक लिटरची बाटली पुरते.

‘पोनीटेल बांध, झालं काम’ हा सल्ला ऐकू नका. पोनीटेलमध्ये फक्त वरची गाठ बांधलेली असते, खालचा प्रत्येक केस मोकळा राहतो. पाण्यात तो सगळा झुपका वर तरंगतो आणि पाठीवरच्या हवेच्या टँकच्या व्हॉल्व्हभोवती, रेग्युलेटरच्या (टँकमधली हवा तोंडात आणणाऱ्या यंत्राच्या) नळीभोवती घुटमळतो. वर बांधलेली पोनी नेमकी मास्कच्या पट्ट्याच्या वाटेत येते. मानेवरचा अंबाडाही नको. आडवं पोहताना समोर बघायला मान वर केली की अंबाडा टँकला टेकतो आणि मान तितकीच अडते.

दोन वेण्या घाला, त्याही सागरवेणीसारख्या, कपाळापासूनच बटा घेत. डोक्याचा मागचा भाग सपाट राहायला हवा, कारण मास्कचा पट्टा तिथल्या उंचवट्याच्या वर बसतो. वेण्या कानांमागून खाली आल्या की प्रत्येकीला तीन ठिकाणी रबर लावा: मानेपाशी, मध्यावर आणि टोकाला. टोकाला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त शेपूट मोकळं सोडू नका, वेणी तिथूनच उसवत जाते. रबर कापड गुंडाळलेलं किंवा गुंडाळीच्या वायरसारखं हवं. धातूचा जोड असलेलं रबर किंवा पिना नकोत.

मग दोन्ही टोकं मानेमागे आडवी फिरवून एकमेकींना बांधा आणि वरून लायक्राचा (ताणल्या जाणाऱ्या कापडाचा) पातळ हुड, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी टोपी, घाला. पाणी थंड असेल तर निओप्रीनचा हुड आहेच. हुड नसेल तर निदान डोक्याला कापडी पट्टा. वेण्या वेटसूटच्या गळ्यातून पाठीवर सोडू नका. गळ्याशी फट राहते, तिथून पाणी आत-बाहेर खेळतं आणि ओली वेणी मानेवर घासून चट्टा पडतो.

आता वेटसूटचा गळा. मागच्या झिपच्या वर वेल्क्रोची एक जीभ असते. तिची काट्यांची बाजू मानेवरचे बारीक केस धरून ठेवते. डाइव्हभर मान हलते तसे ते केस पिळत जातात आणि वर आल्यावर हाताला लागते ती जट. मानेमागच्या बऱ्याच जटा अशा वेल्क्रोमुळे तयार होतात, पण दोष मिठाला दिला जातो. झिप लावताना दोन्ही हातांनी केस वर धरून मान पुढे झुकवा आणि झिप, वेल्क्रो सोबतिणीला लावू द्या. काट्यांचा भाग उघडा राहिला नाही ना, हे तिला बोट फिरवून बघायला सांगा.

मास्क लावताना आधी तो चेहऱ्यावर टेकवा, मग पट्टा दोन्ही अंगठ्यांनी उचलून मागे ठेवा. तो केसांवरून खाली ओढत नेऊ नका. नुसता सिलिकॉनचा पट्टा ओल्या केसांना धरून ठेवतो, म्हणून त्यावर निओप्रीनचं आवरण चढवून घ्या. डायव्हिंगच्या सामानात इतक्या कमी खर्चात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. कपाळावरच्या बारीक बटा मागे सारा. सिलिकॉनच्या कडेखाली एक केस अडकला तरी तिथून पाणी झिरपत राहतं. पाणी येतंय म्हणून पट्टा आणखी आवळू नका, केस शोधा. आवळल्याने पाणी थांबत नाही, वळ मात्र उठतो.

चेहरा आणि अंग

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं एसपीएफ 50 सनस्क्रीन 20 मिनिटं आधी लावा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेली सनस्क्रीन प्रवाळांना घातक ठरू शकतात. पलाऊने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून त्यांवर बंदी घातली आहे. मास्कच्या कडेखालच्या पट्टीवर सनस्क्रीन लावू नका. ते डोळ्यांत उतरतं आणि काचेवर धुकं धरतं. तेवढ्या भागाला बोटीवर टोपीची सावली पुरते. अंगभर सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा पातळ सदरा) बरा.

खाली जाताना अधूनमधून नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडा. खोली वाढते तशी मास्कमधली हवा आक्रसते आणि मास्क चेहरा ओढून घेतो. डोळ्यांभोवती लाल-जांभळे डाग पडतात ते त्यामुळेच. क्रीमने ते जात नाहीत, काही दिवसांनी आपोआप जातात. डोळा दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर मात्र लगेच डॉक्टर.

टँकमधली हवा कोरडी असते, म्हणून ओठांना मेणाचा बाम लावा. पेट्रोलियम जेली नको. ती हातांवरून पसरते आणि ड्रायसूटच्या (आत पाणी शिरू न देणाऱ्या सूटच्या) लॅटेक्स रबराच्या कडा खराब करते.

समुद्रातून आल्यावर अंगावर बारीक टोचल्यासारखं होत असेल तर पोहण्याचा पोशाख आधी काढा, मग गोड्या पाण्याखाली उभ्या राहा. काही जेलिफिशांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं कापडाखाली अडकतात आणि गोडं पाणी लागताच त्यांच्या दंशपेशी फुटतात. पोशाख अंगावर ठेवूनच शॉवर घेतला तर पुरळ नेमकं त्याच्या आकारात उठतं. तो पोशाख डिटर्जंटने धुऊन गरम हवेत वाळवा. नुसता वाळलेला पोशाखही पुन्हा अंगात घातल्यावर डसू शकतो.

वर आल्यावर केस

बोटीवर वेण्या सोडू नका. दोन डाइव्हच्या मधेही नाही. बांधलेल्या वेण्यांवर गोडं पाणी ओता, मुठीत दाबून निथळा आणि तशाच राहू द्या. वाऱ्यात सुकलेल्या मिठाचे खडे केसावर घासतात, म्हणून बोटीवर कंगवा अजिबात नको.

न्हाणीघरात ‘आधी शॅम्पू करून मीठ काढा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो चुकीचा आहे. शॅम्पू चोळला की सैल गुंताही घट्ट बसतो. क्रम असा ठेवा: वेण्या बांधलेल्या असतानाच गोडं पाणी, त्यावर भरपूर कंडिशनर, पाच मिनिटं थांबायचं, मग टोकाकडून वेणी सोडायची. आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा, टोकांपासून हळूहळू वर. शॅम्पू शेवटी आणि तोही फक्त मुळांना. ओला केस ताणला जातो आणि चटकन तुटतो, म्हणून घाई करू नका.

जट सापडलीच तर तिच्यात आणखी कंडिशनर जिरवा. टाळू आणि जट यांच्या मधले केस एका मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळांवर येणार नाही. मग दोन्ही चिमटींनी जट उभी फाडल्यासारखी दोन भागांत वेगळी करा, त्या दोनांचे चार. प्रत्येक भाग कडेच्या केसांपासून सोडवत आत जा. कंगवा वरून खाली ओढाल तर गाठ आवळेल. यात वीस मिनिटं जातात, ती द्या. कात्री लावायचीच वेळ आली तर जटेवर आडवी नको, केसांच्या दिशेने उभी चालवा. त्यातले बरेच केस वाचतात.

ओले केस बांधून झोपू नका. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. नखं मात्र पूर्ण वाळू द्या, मग मुळाशी तेलाचा एक थेंब चोळा. भिजलेलं नख मऊ असतं, त्यावर कानस फिरवली तर पापुद्रे सुटतात. कड तुटली असेल तरी कानस दुसऱ्या दिवशी, नख कडक झाल्यावर, एकाच दिशेने.