ईव्हीला किरकोळ धक्का, गाडी 41 दिवस वर्कशॉपमध्ये: बडोद्यातला माझा अनुभव

दांडिया बाजारात मागून रिक्षा धडकली. बंपर फुटला, बॅटरीच्या तळकव्हरला चीर. बंपर आठवड्यात बसला, पण पुढे रोज एकच उत्तर: “पार्ट येतोय.” फोन, चकरा, मॅनेजरची भेट, सगळं वाया. फार मनस्ताप झाला.

सुटलं ते असं. आधी जॉबकार्डची (वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदीची) प्रत आणि पार्टच्या ऑर्डरची तारीख लेखी मागितली. तेव्हा कळलं, ऑर्डर गेलीच नव्हती! चीर गाडी लिफ्टवर चढवल्यावर दिसली होती आणि वाढीव एस्टिमेट सर्व्हेयरकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याकडे, पोचलंच नव्हतं. मग तळाचे फोटो, बॅटरीच्या इन्सुलेशन तपासणीचा रिपोर्ट, वाढीव एस्टिमेट, सगळं क्लेम नंबर घालून एकाच ईमेलने विमा कंपनीला, प्रत वर्कशॉपला. तिसऱ्या दिवशी फेरसर्व्हे, मंजुरी, मगच ऑर्डर. नवव्या दिवशी गाडी घरी. मंजुरीआधी कव्हर बदलू देऊ नका, क्लेम अडकू शकतो.