लँडफिलवर रुजू होताय? आधी पाण्याचा हिशोब शिका

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंट करून घनकचरा विभागात वा ठेकेदाराकडे लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात वासाबद्दल आणि माश्यांबद्दल बोलतात. त्याची सवय होते. लँडफिलवर, म्हणजे कचरा थराथरानं पुरायच्या जागेवर, खरा विषय पाण्याचा आहे, आणि जून उजाडेपर्यंत तो कुणी मनावर घेत नाही.

हिशोब करून बघा. एक हेक्टर उघड्या सेलवर (कचरा भरायच्या कप्प्यावर) 10 मिमी पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. कोकणपट्टीत जुलैमध्ये एका दिवसात 100 मिमी पडणं नवलाचं नाही. यातलं जेवढं पाणी कचऱ्यातून झिरपेल, तेवढं लिचेट, म्हणजे कचऱ्यातली घाण मिसळलेलं काळं पाणी, होऊन तळाला येणार, आणि प्रक्रिया केल्याशिवाय ते नाल्यात सोडता येत नाही. म्हणून डिझाइन करताना सगळी जागा एकदम उघडू नका, लहान सेल पाडा. रिकाम्या सेलमधलं पाणी स्वच्छ असतानाच वेगळं काढा. बाहेरून वाहत येणारं पाणी अडवायला चारी बाजूंनी गटार हवंच. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे रोजच्या कचऱ्यावर किमान 10 सेंमी मातीचा थर टाकायचा असतो आणि पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंमीचं आवरण. त्यासाठीचा मुरूम एप्रिल-मेमध्येच आवारात आणून टाका. एकदा पाऊस लागला की डंपर चिखलात रुततात आणि मग माती कागदावरच पडते.

लाइनरचे, म्हणजे लिचेट जमिनीत मुरू नये म्हणून तळाला घालायच्या अस्तराचे, आकडेही 2016 च्या नियमांत दिले होते: खाली 90 सेंमी चिकणमाती, तिच्यावर 1.5 मिमी जाडीचा एचडीपीई या प्लास्टिकचा पडदा, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या थराच्या किमान 2 मीटर खाली. आकडे पाठ होतात, काम मात्र उभं राहून करून घ्यावं लागतं. एचडीपीई उन्हात प्रसरण पावतं, दुपारी अंथरलं की सुरकुत्या पडतात. सकाळी लवकर सुरुवात करा. दोन ताव जोडताना वेल्डिंगच्या दोन समांतर रेषा मारतात आणि मध्ये अरुंद पोकळी ठेवतात. त्या पोकळीत हवा भरायची, प्रेशर गेज लावायचं आणि काटा खाली येतो का ते बघायचं. ठेकेदाराचा माणूस म्हणेल, 'साहेब, झालंय, सही करा.' ठरलेला वेळ काटा जागेवर राहिल्याचं स्वतः बघितल्याशिवाय सही करू नका. वर वीस मीटर कचरा चढल्यावर ती शिवण कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. कचऱ्याचा पहिला थरही निवडलेला, मऊ असावा. त्यात सळया, फर्निचर, राडारोडा नको.

दाबणीकडे फार दुर्लक्ष होतं. समजा, रोज 100 टन इनर्ट, म्हणजे न कुजणारा उरलासुरला कचरा, येतोय. घनमीटरला 0.8 टन बसवलं तर रोज 125 घनमीटर जागा जाते, 1 टन बसवलं तर 100. म्हणजे पातळ थर पसरून कॉम्पॅक्टर (कचरा दाबणारं यंत्र) नीट फिरवला, तर 20 वर्षांचं लँडफिल 25 वर्षं पुरतं. नवी जागा मिळवताना गावकऱ्यांचा विरोध किती असतो ते शहराचा कचरा झेलणाऱ्या उरुळी-फुरसुंगीनं पुण्याला दाखवलंय, आणि तो विरोध रास्तच होता. त्यामुळे ही पाच वर्षं फार मोलाची आहेत.

ओला कचरा लँडफिलमध्ये जाऊ नये असं नियम सांगतो, पण वजनकाट्यावर येणाऱ्या गाडीत तो असतोच. गाडी उघडून बघा, परत पाठवायची हिंमत ठेवा. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के असताना ठिणगी पडली की स्फोट होतो. लिचेटच्या विहिरीत गॅस डिटेक्टरशिवाय आणि एकट्यानं कधीही उतरू नका, कुणालाही उतरवू नका. देवनारमध्ये 1927 पासून कचरा पडतोय. तिथल्या जानेवारी 2016 च्या आगीनं मुंबईत किती धूर पसरला होता, ते आठवत नसेल तर त्या वेळची छायाचित्रं शोधून बघा. जुन्या डम्पिंगवर काम करायची वेळ आली, तर काचपत्रा वेचणाऱ्या बायांशी बोला. कुठली जागा आतून धुमसते हे त्यांना तुमच्या थर्मामीटरआधी कळलेलं असतं.

अजून शिकत असाल तर सॉइल मेकॅनिक्स आणि हायड्रॉलॉजी मन लावून करा, उताराची स्थिरता तर हातानं गणित सोडवून. आणि साइटवरच्या पहिल्या मोठ्या पावसात केबिनमध्ये बसू नका. रेनकोट घालून कचऱ्याच्या माथ्यावर जा, पाणी जिथे साचतंय तिथे काठीला चिंधी बांधून खूण करा, आणि पाऊस उघडला की त्याच दिवशी डोझर लावून ते खड्डे भरून घ्या.