व्यायामाला पडणारे खाडे : या चुका टाळा

व्यायाम सुरू करणे फारसे अवघड नसते. नवे बूट आणले की पहिला आठवडा उत्साहात जातो. खाडे पडू लागतात ते त्यानंतर, आणि त्यांची कारणे गुडघ्यांपेक्षा मनातच अधिक सापडतात. वेंगुर्ल्यात राहून मी स्वतः व्यायाम अनेकदा सुरू केला आणि तितक्याच वेळा सोडला. त्या अनुभवातून आणि थोड्या वाचनातून ज्या चुका ओळखता आल्या, त्या येथे मांडत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सोयीच्या दिवसाची वाट पाहत बसणे. कोकणात तर असा दिवस पंचांगातच नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, मग लावणीची धांदल. ती आटोपते तोवर गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीवर टांगायची लाकडी चौकट, सजवायची वेळ येते. भात कापून झोडून होते न होते तोच दिवाळी, तिच्यामागोमाग गावोगावच्या जत्रा, पुढे काजू-आंब्याचा हंगाम, मध्येच शिमगा, आणि मे महिन्यात चाकरमानी मंडळींनी भरलेले घर. ‘गणपती गेले की सुरू करू’ असे मी लागोपाठ दोन वर्षे म्हटले आणि दोन्ही वर्षी गणपती एकटेच गेले. अखेर भर जुलैत सुरुवात केली, तीही घराच्या पडवीत. पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत २२ पावलांची आहे. बाहेर पागोळ्या गळत असताना दहा मिनिटांत सुमारे ४५ येरझाऱ्या होतात. सर्वांत गैरसोयीच्या महिन्यात जे जमते, ते पुढे सोडून देण्यासाठी मनाला सबब सहजी सापडत नाही. (पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर चढ-उतार करण्याचा मोह मात्र टाळावा, त्यांवर शेवाळ धरलेले असते.)

दुसरी चूक आरंभशूरांची. पहिल्याच दिवशी तासभर चालायचे ठरवले की चौथ्या दिवशी तो तास डोंगराएवढा वाटू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम पुरेसे आहेत. १५० मिनिटे म्हणजे रोजची जेमतेम २२ मिनिटे. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग. पूर्वीच्या शिफारशींत व्यायाम सलग दहा मिनिटे तरी हवा, अशी अट होती. २०२० मध्ये तीही काढून टाकण्यात आली. रोजच्या १०,००० पावलांचा धाक तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून आला आहे, त्यामुळे तो मनावर घेण्याचे कारण नाही.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांची एक चूक मला फार उशिरा उमगली. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी सहाला ओहोटी असली, तर पायाखाली ओली, घट्ट वाळू मिळते आणि चालणे सुखाचे होते. पण येत्या रविवारी त्याच वेळी पाणी जवळजवळ भरतीच्या रेषेवर असते, सुरूच्या झाडांखालच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात, पोटऱ्या भरून येतात आणि ‘आज राहू दे’ हा विचार तिथेच उगवतो. दोष आपल्या निश्चयाचा नसून, आपण सवय समुद्राच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. ती घरातल्या न चुकणाऱ्या गोष्टीला बांधावी. ‘पहिल्या चहाची कपबशी विसळून ठेवली की चपला पायात’ हे माझे सूत्र आहे. त्यानंतर किनाऱ्यावर जायचे की रस्त्याने, हे पाणी पाहून ठरते.

आता खाड्याविषयी. कॅलेंडरवर रोज फुली मारायची सवय मी लावून घेतली होती. एकदा तापामुळे तीन चौकोन रिकामे राहिले आणि पुढचा महिनाभर मी त्या भिंतीकडे पाहण्याचेच टाळले. ‘आता मोडलेच आहे, तर पुढच्या एक तारखेपासून’ हा हिशेब बहुतेकांचा व्यायाम कायमचा थांबवतो. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ ६६ दिवसांचा आढळला, आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलेल, असा अंदाज निघाला. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते, या समजावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नये. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. म्हणून पहिल्या खाड्याची खंत सोडावी आणि दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटे का होईना, चालावे.

कंटाळा आणि थकवा यांची गल्लत हीही नेहमीची. शंका आली तर दहा मिनिटे चालून पाहावे. कंटाळा असेल तर तो बहुधा तेवढ्यात उतरतो, थकवा असेल तर वाढतो आणि मग निमूटपणे घरी परतावे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे या गोष्टींना मात्र ही कसोटी लावू नये. तेथे लगेच थांबून डॉक्टरांकडेच जावे.

राहिली लोकलज्जा. आमच्या वाडीत बाईमाणूस हातात पिशवी न घेता रस्त्याला लागले की प्रत्येक खळ्यातून ‘वयनी, खंय चललास?’ असा प्रश्न येतो. त्या एका प्रश्नासाठी मी पहिले काही दिवस रिकामी पिशवी घेऊन चालत असे. नंतर ‘जरा फिरान येतंय’ एवढेच सांगू लागले. आठ-दहा दिवसांत विचारणे बंद झाले. आता एखाद्या दिवशी मी दिसले नाही, तरच संध्याकाळी चौकशी होते.