शिनाण्याचं बी बांधण्याआधी तारामाशाचा जन्म समजून घ्या

हंगाम: दसऱ्यापासून पुढे, पाणी पुन्हा खारं झाल्यावर
कोणासाठी: खाडीत रॅकवर किंवा तराफ्यावर शिनाणे (खाण्याचे एक प्रकारचे शिंपले) आणि कालवं वाढवणारे मच्छीमार व बचत गट

रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर, 27 ते 35 पीपीटी (हजार भागांत तेवढे भाग मीठ) दिसायला लागलं की शिनाण्याचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, दोराला बांधायला हरकत नाही. मात्र याच पाण्यात तारामासाही परत येतो. तारामासा, समुद्री अर्चिन (काटेरी गोल कवचाचा प्राणी) आणि समुद्रकाकडी ही एकाच कुळातली, कंटकचर्मी मंडळी. त्यांच्या सुमारे सात हजार जिवंत जाती आहेत आणि त्यातली एकही गोड्या पाण्यात राहत नाही. अंगातलं मीठ सांभाळण्याची सोय त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. त्यामुळे पावसाळ्यात खाडीच्या आतल्या भागात त्यांचा टिकाव लागत नाही. रॅक खाडीच्या तोंडाजवळ असेल तर जास्त लक्ष द्यावं लागतं. आत, कांदळवनाजवळ असलेल्यांना काळजी कमी.

खेकडे आणि मोठ्या माशांना जाळी अडवते. तारामाशाला ती अडवेलच असं नाही, कारण तो जाळीच्या भोकातून शिरतो तेव्हा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हे कसं घडतं ते अर्चिनवरून चांगलं कळतं, कारण त्याच्या प्रजननाचा अभ्यास दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. अंडं आणि शुक्राणू यांची केंद्रकं एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविग यांनी 1876 मध्ये अर्चिनच्याच अंड्यात पाहिलं.

अर्चिनमध्ये नर-मादी वेगळे असतात, पण बाहेरून ओळखता येत नाहीत. कवचाच्या आत संत्र्याच्या फोडींसारखे पाच जननपिंड असतात. जपानमध्ये खायला जे महाग विकलं जातं ते हेच. कवचाच्या माथ्यावर पाच बारीक छिद्रं असतात. वेळ आली की त्यातून नर दुधासारखा पांढरा स्राव सोडतो आणि मादी पिवळसर अंडी. एकाने सोडलं की त्याचा वास पाण्यातून पसरतो आणि आजूबाजूचेही सोडायला लागतात. मीलन नाही, घरटं नाही, सगळं उघड्या पाण्यात. शुक्राणू पाण्यात लगेच विरळ होतात. म्हणून प्राणी जितके दाटीने बसलेले तितकी जास्त अंडी फळतात.

फळलेल्या अंड्यातून निघणारं पिल्लू आईबापासारखं मुळीच दिसत नाही. ते पारदर्शक असतं, त्याला लांब दांड्यांसारखे हात असतात आणि डावी-उजवी बाजू सारखी असते. आपले शिनाणे जी सूक्ष्म शेवाळं गाळून खातात तीच खात ते काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतं. दरम्यान त्याच्या डाव्या बाजूला आतल्या आत छोटा अर्चिन तयार होत असतो. बसायला योग्य जागा मिळाली की तासाभरात पिल्लाचं जुनं रूप संपतं आणि जेमतेम अर्धा मिलिमीटरचा काटेरी दाणा तळाला चिकटतो.

तारामाशाचंही असंच, फक्त पिल्लाचा आकार वेगळा आणि आकडे आणखी मोठे. जपानकडच्या समुद्रातला एक तारामासा 1980 च्या दशकात टास्मानियात पोचला, बहुधा जहाजांनी तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून. त्याची एक मादी एका हंगामात कोटीच्या घरात अंडी घालू शकते आणि पिल्लं तीन-चार महिने पाण्यात तरंगू शकतात. तिथल्या शिंपलापालकांच्या बी गोळा करायच्या पिशव्यांत ही पिल्लं बियाबरोबरच येऊन बसली आणि आतल्या आत बी खाऊन मोठी झाली. तारामाशाची ती जात आपल्याकडे आढळत नाही, पण शिरायची वाट तीच आहे. म्हणून नुसता तळ साफ केला आणि निश्चिंत झालो, असं करू नका.

पहिलं काम म्हणजे दोराचं खालचं टोक तळापासून वर ठेवा, ओहोटीतसुद्धा निदान हातभर. मोठा तारामासा तळावरून चढतो. त्याला पोहता येत नाही.

दुसरं, उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हा प्रत्येक दोर उचलून बघा. बी लावल्यावर पहिले दोन महिने यात कसूर नको, कारण नखाएवढ्या तारामाशाला नखाएवढंच बी लागतं. तो शिंपल्यावर ओणवा बसतो, नळीसारख्या पायांनी दोन्ही झडपा ओढत राहतो, आणि कागद जाईल एवढी फट पडली की आपलं पोट उलटं करून आत घालतो. शिनाणं आतल्या आत पचतं. दोरावर उघडी, स्वच्छ, न फुटलेली रिकामी कवचं दिसली तर संशय तारामाशावर घ्या. कवच फुटलेलं असेल तर खेकड्यावर.

सापडलेला तारामासा कोयत्याने तोडून पाण्यात टाकायचा नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कालवपालक पूर्वी रागाने हेच करायचे. बहुतेक जातींत हाताबरोबर मधल्या चकतीचा तुकडा राहिला तर त्याचा पुन्हा अख्खा तारामासा होतो. लिंकिया जातीत तर नुसत्या एका हातावरून होतो. पुढे ते लोक शहाणे झाले. सुताचे मोठे झुपके तळावरून ओढून त्यात तारामासे गुंतवायचे आणि होडीवरच गरम पाण्यात बुडवायचे. आपल्याला एवढा खटाटोप नको. अख्खे वेचा, बादलीत घ्या, किनाऱ्यावर उन्हात वाळवा आणि नारळाच्या आळ्यात पुरा.

बारीक तारामासे फार असतील तर दोर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवता येतो. शिनाणं कवच मिटून बसतं, तारामाशाला मिटायला काहीच नाही. आधी एकाच दोरावर करून बघा. दुसऱ्या दिवशी शिनाण्यांनी दोर घट्ट धरलेला असेल तरच बाकीचे घ्या. भर दुपारी करू नका. चुना किंवा कुठलंही औषध खाडीत ओतायचं नाही, त्याने शेजारच्याच्या तिसऱ्याही (शिंपल्या) मरतील.

एका खाडीतले दोर, जाळ्या, बांबू दुसऱ्या खाडीत नेत असाल तर आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. बी बाहेरून आणलं असेल तर बांधण्याआधी पसरून निवडा, गहू निवडतात तसं नीट.

कातळावर बी काढायला जाताना जाड तळाची चप्पल घाला. फटींमध्ये अर्चिन बसलेले असतात आणि काटा पायात मोडतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवा, दिसेल तेवढा काटा चिमट्याने काढा. सांध्याजवळ घुसला असेल किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टरकडे जा. अर्चिन तिथेच राहू द्या, तो शेवाळ खातो, तुमचं शिनाणं नाही.

आणि जाळ्यात समुद्रकाकडी आली तर तशीच पाण्यात सोडा. 2001 पासून तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी दलाल भाव विचारत आला तरी विकायची नाही, पकडणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो.