वावरातल्या गोल्फ कार्टला घरीच बनवलेलं स्पीड अन् बॅटरी मीटर

मागच्या ऑक्टोबरात आंबिया बहाराची तोड चालू होती अन् आमची गोल्फ कार्ट बारा क्रेट संत्रा घेऊन मधल्या धुऱ्यापाशी बसली ते बसलीच. सालदार म्हणे, "भाऊ, काटा तं अर्धा दाखवून रायला, मंग थांबली काऊन?" मलाही काही सांगता येईना. बंडीचे बैल आणून दोरानं ओढत घरी आणली अन् गावातल्या पोट्ट्यांना आठवडाभर पुरंल एवढी करमणूक झाली.

ही गाडी एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून सेकंडहँड घेतलेली, ४८ व्होल्टची, सीटखाली ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागं एक जोडलेल्या. डॅशबोर्डवरचा जो काटा असतो तो फक्त सगळ्या पॅकचा मिळून व्होल्टेज पाहतो, सहातली एक मेली तरी बाकीच्या पाच तिला झाकून घेतात अन् काटा आपला अर्ध्यावर. म्हणून मी जे मीटर बनवलं त्यात स्पीड अन् एकूण व्होल्टेज तर आहेच, पण खरी कामाची गोष्ट तिसरी आहे, पॅकच्या दोन अर्ध्यांमधला फरक. तेवढं एक दिसलं असतं तर बैल जोडायची पाळी आली नसती.

सामान लई नाही राजेहो. एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), १६ बाय २ चा एलसीडी (मागं आयटूसी बोर्ड लागलेला घ्या, चार वायरात काम होते), ए३१४४ हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आला की सिग्नल देणारा), दोन छोटे निओडायमियम मॅग्नेट, काही रेझिस्टर, फ्यूज, अन् ई-रिक्षाला लागतो तो डीसी-डीसी कन्वर्टर (बॅटरीचे व्होल्ट कमी करून देणारा). नागपूरला बर्डीवर एका चकरेत सगळं मिळालं, दीड-दोन हजारात बसलं. ओएलईडी डिस्प्ले दिसायला भारी असतो पण आपल्या उन्हात त्याच्यावर ढिम्म काही दिसत नाही, त्याच्या नादी लागू नका.

कन्वर्टरवर जरा थांबतो, कारण पहिला मी तिथंच जाळला. बाजारात जो साधा निळा एलएम२५९६ चा बोर्ड मिळतो त्याची इनपुट मर्यादा ४० व्होल्ट आहे, अन् आपला ४८ चा पॅक चार्जिंगला लावला की ५८-५९ पर्यंत जातो. लावल्याबरोबर फट् झालं अन् वास सुटला. म्हणून ७२ व्होल्टपर्यंत चालणारा ई-रिक्षावाला कन्वर्टर घ्या, त्यातून १२ काढा, पुढं कारचा मोबाईल चार्जर लावून ५ व्होल्ट. अन् एक, दोन बॅटऱ्यांवरून १६ व्होल्ट काढून त्यावर लाईट-भोंगा चालवायचा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा. आमच्या गाडीत आधीच्या कोण्यातरी मेकॅनिकनं तेच केलं होतं. त्या दोन बॅटऱ्या रोज बाकीच्यापेक्षा जास्त रिकाम्या होतात, चार्जर मात्र सहाही एकसारख्या समजून भरतो, अन् हळूहळू त्या दोन कायमच्या अर्धपोटी राहून मरतात.

हात घालायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ४८ व्होल्टचा करंट लागत नाही म्हणून लोक हलक्यात घेतात, पण पाना दोन टर्मिनलमध्ये पडला तर तो तिथंच वेल्डिंग होतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, गाडीत रन-टो (चालवा-ओढा) स्विच असंल तर टो वर टाका. चार्जिंग नुकतंच झालं असंल तर सीट उघडून थोडं वारं लागू द्या, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बिडीवाल्याला दूर बसवा.

आता व्होल्टेज. नॅनोमध्ये आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स (ज्याच्याशी ताडून तो व्होल्ट मोजतो ते माप) असतो, तो वापरा, कारण ५ व्होल्टची सप्लाय भोंगा वाजवला तरी हलते अन् मग रीडिंग नाचते. तो रेफरन्स वापरताना एरेफ पिनला काहीही जोडायचं नाही. पॅकच्या प्लसवरून १०० के (के म्हणजे हजार ओहम) अन् खाली मायनसकडं १.५ के असा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणारी रेझिस्टरची जोडी, केला की ६० व्होल्टला पिनवर साधारण ०.८९ व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेत. दुसरा डिव्हायडर तिसऱ्या अन् चौथ्या बॅटरीच्या मधल्या जोडावरून, तिथं २४ च्या आसपास असतात, त्याला १०० के अन् ३.३ के. पहिल्याचा मधला जोड नॅनोच्या ए झिरो पिनला, दुसऱ्याचा ए वन ला. खालच्या रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही नॅनोजवळ.

१०० के चा रेझिस्टर मात्र डॅशबोर्डात नाही, बॅटरीच्या टर्मिनलजवळच लावा, हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून, त्याच्याही आधी १ अँपचा फ्यूज. मग डॅशबोर्डापर्यंत जी वायर जाते ती उंदरानं कुरतडली किंवा पत्र्याला घासून उघडी पडली तरी तिच्यातून अर्ध्या मिलिअँपच्या आसपासच काय ते जाईल. नॅनोचा मायनस पॅकच्या मायनसला जोडायचा, चासीला नाही, कारण गोल्फ कार्टमध्ये सहसा चासीला बॅटरीचा मायनस जोडलेलाच नसतो. अन् प्रोग्राम टाकताना नॅनो गाडीतून सोडवून घरात आणा, चार्जरला लावलेला लॅपटॉप अन् ४८ चा पॅक एकाच वायरीत आणू नका.

१.१ चा रेफरन्स प्रत्येक चिपचा वेगळा असतो, कोणाचा १.०४ तर कोणाचा १.१५, म्हणून मल्टिमीटरनं टर्मिनलवर मोजा, स्क्रीनवरचा आकडा पहा, अन् त्या हिशोबानं प्रोग्राममधला गुणक बदला. दोन्ही चॅनलचं वेगळं करा. वीस-तीस रीडिंगची सरासरी घ्या, एका रीडिंगवर भरवसा नाही.

टक्केवारीचं बोलू. लेड-ॲसिडचा ४८ चा पॅक आराम करून उभा असताना ५०.९ म्हणजे फुल, ५० म्हणजे ऐंशी टक्के, ४८.४ म्हणजे अर्धा, ४६.६ म्हणजे वीस. लोक ४८ दिसले की अजून ४८ आहे म्हणून खुश, तर भाऊ ४८ म्हणजे अर्ध्याच्या खाली गेलाय. हे आकडे उभ्या गाडीचे. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की दोन-तीन व्होल्ट बुडतात अन् सोडला की वर येतात, त्यावर टक्केवारी काढली तर बांधावर चढताना १५ अन् उतारावर ७०. म्हणून प्रोग्राममध्ये मी असं ठेवलं की स्पीड शून्य होऊन दहा मिनिटं झाली तरच टक्केवारी नवीन काढायची, तोवर जुनीच दाखवायची. दहा मिनिटं काही पूर्ण आराम नाही, पण क्रेट भरेपर्यंत गाडी तेवढी उभी राहतेच. चार्जिंगहून काढल्याबरोबर मात्र आकडा फुगलेला असतो, तासभर त्याच्याकडं पाहू नका.

फरक काढणं सोपं. ए वन चा आकडा म्हणजे खालच्या तीन बॅटऱ्या, एकूणमधून तो वजा केला की वरच्या तीन. उभ्या गाडीत दोन्हींमध्ये ०.३ च्या आत फरक असंल तर ठीक. भरल्या गाडीनं चढावर दाबा अन् तेव्हा पहा, फरक १ व्होल्टच्या वर गेला तर ज्या बाजूचा आकडा कमी त्या तीनात एक दुखणेकरी आहे. आमच्यात उभ्यानं ०.४ होता, पटकन कोणाला दिसला नसता, पण पांदणीच्या चढावर २.१ झाला. मग मल्टिमीटर घेऊन तीनच बॅटऱ्या तपासायच्या राहतात, त्यात हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) टाकला तर एक सेल १.१५० वर अन् बाजूचे १.२५० च्या वर. भोंग्याच्या दोन बॅटऱ्यांपैकीच एक होती ती.

स्पीडसाठी मागच्या चाकाच्या ड्रमवर समोरासमोर दोन मॅग्नेट अराल्डाइटनं चिकटवा, अन् सेन्सर पट्टीवर बसवून मॅग्नेटपासून ४-५ मिलीमीटरवर आणा. ए३१४४ फक्त एकाच ध्रुवाला ओळखतो, तर चिकटवायच्या आधीच मॅग्नेट उलटसुलट करून पहा, मी दोन्ही उलटे चिकटवून दुसऱ्या दिवशी छिन्नीनं काढले. आउटपुटला १० के चा रेझिस्टर ५ व्होल्टकडं, अन् वायर डी टू पिनला. चाकाचा घेर टायरवर लिहिलेल्या साईजवरून काढू नका, वजनानं टायर बसतो. माणूस बसवून खडूची खूण करा, गाडी एक फेरा ढकला, टेपनं मोजा. आमचा १.३९ मीटर आला. घेर गुणिले ३.६ भागिले एका फेऱ्याचे सेकंद, झाली ताशी किलोमीटर. पाव सेकंदात एक फेरा म्हणजे २०. दोन मॅग्नेट अगदी समोरासमोर बसत नाहीत, म्हणून वेळ एकाआड एक पल्सचा (मॅग्नेट समोरून गेला की सेन्सर देतो तो सिग्नल) मोजा, ३० मिलिसेकंदाच्या आतली पल्स सोडून द्या, दोन सेकंद काही आलंच नाही तर शून्य. फवारणीची टाकी ओढताना ताशी चारच्या आसपास धरून ठेवायचं असते, तिथं हे लई कामी येते.

जॅक लावून चाक हवेत उचलून तपासायचं असंल तर हातानंच फिरवा. सिरीज मोटर असंल तर तिच्यावर भार नसताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की ती वेडी होऊन पळते, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) फाटू शकते.

एलसीडी स्टिअरिंगच्या खाली सावलीत बसवा. मे महिन्यात उघड्यावर ठेवलेला माझा पहिला स्क्रीन दुपारी पूर्ण काळा पडायचा, संध्याकाळी आपोआप ठीक. सेन्सरवर पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा बसतो, मॅग्नेटला लोखंडाचा कीस चिकटतो, तर पंधरा दिवसाला एकदा फडकं मारा.

ती एक बॅटरी बदलली तेव्हा नवी आणली नाही, बाकीच्या पाच जुन्या असताना नवी लावली की तीही त्यांच्या वयाची होते. त्याच वयाची सेकंडहँड शोधली, भोंगा कन्वर्टरवर घेतला, अन् आता भरल्या गाडीनं पांदणीच्या चढावर फरक ०.६ दाखवते. सालदार गाडी लावताना कॅलेंडरवर तो आकडा लिहून ठेवतो, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला.