सिगारेट सोडून व्हेपकडे (ई-सिगारेटकडे) वळताना पहिलं यंत्र कोणतं घ्यावं?

पहिल्याच फटक्यात ढग सोडणारं मोठं यंत्र घ्यायचं, ठसका लागला की पुन्हा सिगारेटच्या पाकिटाकडे वळायचं, असं बऱ्याच जणांचं होतं. सुरुवातीला साधा, चार्ज करता येणारा पॉड (लिक्विडची छोटी कुपी बसवलेलं लहान यंत्र) पुरतो. (काही देशांत विक्रीवरच बंदी आहे, तेव्हा आधी कायदा बघा.) झुरका सिगारेटसारखा, म्हणजे आधी तोंडात आणि मग छातीत, ओढता आला पाहिजे. त्यासाठी कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार) १ ओहमच्या आसपासची आणि पॉवर १० ते १५ वॅट हवी. अर्ध्या ओहमच्या खालच्या कॉइल थेट छातीत ओढण्यासाठी असतात, नवख्याच्या कामाच्या नाहीत.

निकोटिनमध्ये कंजुषी नको. रोज पाकीटभर ओढणाऱ्याची तलफ मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमवाल्या लिक्विडने पॉडमध्ये भागत नाही. १८-२० मिलिग्रॅमचं, शक्यतो निकोटिन सॉल्टचं (आम्ल मिसळून सौम्य केलेल्या निकोटिनचं) घ्या. ते घशाला कमी टोचतं. मळमळलं किंवा गरगरलं तर ताकद उतरवा.

नवी कॉइल लिक्विड भरल्यावर ५-१० मिनिटं तशीच राहू द्या. आतला कापूस कोरडा राहिला तर पहिल्याच झुरक्याला जळतो, आणि ती करपट चव कॉइल बदलल्याशिवाय जात नाही.

व्हेप निरुपद्रवी अजिबात नाही. न ओढणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. सोबत सिगारेटही चालू ठेवली तर बदलाचा फायदा फारसा उरत नाही. आणि लिक्विडची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर ते विषच.